‘भावनाप्रधान’ या विशेषणाचा समाचार

गेल्या महिन्यांत आमच्या गांवच्या व्याख्यानमालेंत एका विद्वान् वक्त्यांचें ‘आजची स्त्री आणि कुटुंबसंस्था’ या विषयावर व्याख्यान झालें. वक्ते वयानें आमच्याच बरोबरीचे, वाचन दांडगें, वाणी गोड आणि हेतु शुद्ध. तेव्हां त्यांच्याविषयीं आमची कांहींच तक्रार नाहीं. परंतु व्याख्यानाच्या ऐन मध्यावर त्यांनीं एक सिद्धान्त इतक्या सहजपणें मांडला कीं, जणूं सूर्य पूर्वेस उगवतो असेंच ते सांगत असावेत. ते म्हणाले, “पुरुष हा विचारप्रधान आणि स्त्री ही भावनाप्रधान. एकानें घराला भिंती द्याव्या आणि दुसरीनें त्यांत ऊब भरावी, हीच निसर्गाची योजना. आजच्या मुली भावनेच्या भरांत संसार मोडूं लागल्या आहेत. त्यांस विचाराचा लगाम घालणें हें वडीलधाऱ्यांचें कर्तव्य होय.” सभागृहांत टाळ्या पडल्या. आमच्या पुढच्या रांगेंतील कित्येक भगिनींनींही टाळ्या वाजविल्या. त्यांत आमची धर्मपत्नी नव्हती, एवढेंच आम्ही समाधानानें नमूद करतों.

त्या टाळ्यांमुळें हा लेख लिहिणें आम्हांस भाग पडलें. ‘भावनाप्रधान’ ही शिवी असती तर तिचा प्रतिकार सोपा होता. पण हें विशेषण स्तुतीच्या तबकांतून येतें. आईची माया, बहिणीची ओढ, पत्नीचा त्याग यांच्या वर्णनांत तें फुलासारखें खोंवलेलें असतें, आणि ऐकणारीस तें आपलें भूषण वाटतें. मग एके दिवशीं घरांत कांहीं ठरवावयाची वेळ येते. घर विकावयाचें असतें, मुलीचें लग्न ठरवावयाचें असतें, दवाखान्याच्या कागदावर सही करावयाची असते. त्या वेळीं त्याच विशेषणाचें दुसरें टोंक बाहेर येतें: “तूं गप्प बस, तूं भावनेच्या भरांत बोलते आहेस.” आमचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, या विशेषणानें स्त्रीच्या स्वभावाचें वर्णन होत नाहीं. स्वतःच्या देहाविषयीं व स्वतःच्या नात्यांविषयीं स्त्रीनें केलेला निर्णय हिशेबांतच न धरण्याची ती एक सभ्य रीत आहे.

प्रथम भावना म्हणजे काय याची फोड करूं. राग ही भावना आहे, अभिमान ही भावना आहे. मत्सर, भीति, लोकलज्जा, हट्ट या सर्व भावनाच आहेत. आमटींत मीठ कमी पडलें म्हणून ताट भिरकावणारे आजोबा आमच्या पिढीनें पाहिले आहेत. त्यांस कोणीं भावनाप्रधान म्हटलेलें आम्हीं ऐकलें नाहीं. ते ‘कडक शिस्तीचे’ होते. चुलत्याशीं बांधावरून वीस वर्षें कोर्टकचेरी करणारा, आणि त्यापायीं निम्मी जमीन घालविणारा गृहस्थ ‘बाण्याचा’ ठरतो. मुलीनें परजातींत लग्न केलें म्हणून तिचें नांव घरांत उच्चारूं न देणारा बाप ‘तत्त्वाला जागणारा’ ठरतो. हेंच सारें एखाद्या स्त्रीनें केलें तर ती अनुक्रमें आक्रस्ताळी, भांडकुदळ आणि कजाग. आमच्या भाषेनें तीन हट्ट प्रसिद्ध केले आहेत: राजहट्ट, बालहट्ट आणि स्त्रीहट्ट. राजे गेले, बालकें मोठीं झालीं. पण पतिहट्ट हा शब्द या यादींत कधींच चढला नाहीं, कारण यादी करणाऱ्यांस आपला हट्ट हा हट्ट म्हणून दिसलाच नाहीं.

यांत आम्ही नवीन कांहीं सांगत आहों असें नाहीं. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनीं १८८२ सालींच ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहून हा हिशेब मांडला. त्याच्या आदल्या वर्षीं सुरतेच्या एका तरुण विधवेस बालहत्येबद्दल फांशीची शिक्षा झाली; ती पुढें कमी झाली, पण वर्तमानपत्रांतून विधवांच्या दुर्वर्तनावर प्रवचनें सुरू झालीं. तेव्हां जे दुर्गुण स्त्रियांच्या माथीं मारतां ते तुमच्यांत कमी आहेत काय, असा उलट सवाल ताराबाईंनीं केला. महात्मा फुल्यांनीं ‘सत्सारां’त त्यांची बाजू घेतली, इतरांनीं टवाळी केली. ताराबाईंचें दुसरें पुस्तक निघालें नाहीं. आमच्या वाङ्मयाच्या इतिहासांतली ही एक मोठी हानि आहे.

परंतु आमच्या प्रतिपादनावर सर्वांत लख्ख उजेड पडतो तो रखमाबाईंच्या खटल्यानें. तो थोडा विस्तारानें सांगणें अवश्य आहे. कारण आमच्या पुष्कळ सुशिक्षित मित्रांस रखमाबाईंचें नांव एक डॉक्टरीण म्हणून ठाऊक असतें, पण त्या काय म्हणाल्या होत्या हें ठाऊक नसतें.

रखमाबाईंचा जन्म १८६४ सालचा, मुंबईचा. अकराव्या वर्षीं त्यांचें लग्न दादाजी भिकाजी या सुमारें एकोणीस वर्षांच्या तरुणाशीं लावण्यांत आलें. लग्नानंतरही त्या आई जयंतीबाई व सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्याच घरीं राहिल्या. पतीच्या घरीं त्या कधींच नांदल्या नाहींत. मधल्या वर्षांत त्यांनीं वाचन केलें, विचार केला आणि आपलें मत बनविलें. १८८४ सालीं दादाजींनीं मुंबईच्या हायकोर्टांत वैवाहिक हक्कांच्या पुनःस्थापनेचा, म्हणजे साध्या मराठींत बायकोस नांदावयास आणण्याचा, दावा लावला. रखमाबाईंचें उत्तर सरळ होतें. लग्न झालें तेव्हां आपण अजाण होतों. आपली संमति कोणीं विचारली नव्हती. आणि या गृहस्थांची प्रकृति, परिस्थिति व राहणी पाहतां आपण त्यांच्या घरीं जाणार नाहीं.

१८८५ सालीं न्यायमूर्ति पिन्हे यांनीं दावा फेटाळला. दोघें एकत्र कधीं राहिलींच नव्हतीं, मग पुनःस्थापना कशाची करावयाची, हा त्यांचा कायद्याचा मुद्दा. आणि तरुण स्त्रीस तिच्या मनाविरुद्ध नावडत्या पुरुषाच्या स्वाधीन करणें हा रानटीपणा होय, हा माणुसकीचा मुद्दा. १८८६ सालीं अपिलांत निकाल फिरला. १८८७ च्या मार्च महिन्यांत न्यायमूर्ति फॅरन यांनीं हुकूम दिला कीं, महिन्याच्या आंत पतीच्या घरीं जावें, नाहीं तर सहा महिने तुरुंगांत जावें. रखमाबाईंनीं आपण तुरुंग पत्करतों असें कळविलें.

आतां आमच्या विद्वान् वक्त्यांस आमचा प्रश्न असा आहे कीं, या प्रकरणांत भावनाप्रधान कोण होतें? एका बाजूस बावीस वर्षांची एक स्त्री आहे. ती कारणें देते. ‘टाइम्स ऑफ इंडिया’मध्यें ‘एक हिंदु स्त्री’ अशा अर्थाच्या इंग्रजी टोपणनांवानें बालविवाह व सक्तीचें वैधव्य यांवर मुद्देसूद पत्रें लिहिते. परिणाम काय होईल तें मोजते, आणि मोजून शिक्षा पत्करते. दुसऱ्या बाजूस संपादक, वकील, शास्त्री आणि आमच्यासारखे पदवीधर आहेत. धर्म बुडाला, घरें बसलीं, इंग्रजी शिकून मुली नासल्या, असा त्यांचा गिल्ला चालला आहे. टिळकांच्या ‘मराठा’ पत्रानेंही रखमाबाईंच्या विरुद्ध बाजू घेतली. परकी सत्ता आमच्या माजघरांत शिरते याचा त्यांस आलेला संताप आम्ही समजूं शकतों, किंबहुना त्याबद्दल आम्हांस आदरही आहे. पण संताप हीही भावनाच. आणि त्या भावनेच्या भरांत या थोर मंडळींच्या ध्यानांत एक गोष्ट आली नाहीं. ज्या दाव्याचा ते धर्म म्हणून कैवार घेत होते, तो आमच्या धर्मशास्त्रांतला नव्हताच! तो इंग्लंडांतील ख्रिस्ती धर्मपीठांच्या न्यायालयांतून निघालेला, आणि १८६७ सालीं एका मुसलमान दांपत्याच्या खटल्यांत प्रिव्ही कौन्सिलनें हिंदुस्थानांत रुजविलेला. आणखी मौज अशी कीं, या दाव्यापायीं तुरुंगांत टाकण्याची शिक्षा पार्लमेंटनें इंग्लंडपुरती रद्द केली ती १८८४ सालीं, म्हणजे ज्या वर्षीं दादाजींनीं येथें दावा लावला त्याच वर्षीं. विलायतेनें टाकून दिलेली बेडी आमच्या धर्मरक्षकांनीं सनातन म्हणून उराशीं धरली. विचाराचा लगाम नेमका कोणास हवा होता?

१८८८ सालीं दोन हजार रुपये घेऊन दादाजींनीं तडजोड केली. रखमाबाई १८८९ त लंडनला वैद्यक शिकावयास गेल्या, १८९४ त परत आल्या, आणि सुरत व राजकोट येथें सुमारें पस्तीस वर्षें त्यांनीं स्त्रियांवर उपचार केले. जिला आपलें हित कळत नाहीं असें पुण्या-मुंबईचीं वर्तमानपत्रें ओरडत होतीं, तिच्या हातीं दोन शहरांतल्या बायकांनीं आपले देह विश्वासानें सोंपविले.

हा सारा जुना इतिहास झाला, आतां काळ बदलला, असें कोणी म्हणेल. तें पाहूं. नांदावयास न जाणाऱ्या पत्नीस तुरुंगांत टाकण्याची तरतूद १९२३ सालीं गेली. मालमत्तेच्या जप्तीची राहिली. रखमाबाई १९५५ च्या सप्टेंबरांत वारल्या. त्याच वर्षीं, त्यांच्या मृत्यूच्या चार महिने आधीं, स्वतंत्र भारताचा हिंदु विवाह कायदा झाला होता, आणि त्याच्या नवव्या कलमांत तोच दावा सुखरूप बसला होता. १९८३ सालीं आंध्र प्रदेशच्या हायकोर्टानें हें कलम घटनाबाह्य ठरविलें. कारण अशा हुकुमानें, कोणाशीं संग करावा आणि आपल्या उदरांत कोणाचें मूल वाढवावें हा निर्णय स्त्रीच्या हातून सरकारच्या हातीं जातो. त्यानंतर दिल्लीच्या हायकोर्टानें उलट मत दिलें. घरांत राज्यघटना आणणें म्हणजे कांचसामानाच्या दुकानांत बैल सोडणें, अशी उपमाही दिली. १९८४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें कलम कायम केलें. इंग्लंडनें हा दावा १९७० सालीं समूळ काढून टाकला. आमच्याकडे तो शाबूत आहे. कलम नवरा-बायको दोघांसही सारखें लागू आहे, हें आम्ही जाणतों. पण ज्याला कधीं गर्भ रहावयाचा नाहीं त्याला आणि जिला राहूं शकतो तिला एकाच घरांत परत पाठविण्याचा हुकूम दोघांस सारखा कसा लागू होतो, हें कोणीं आम्हांस समजावून द्यावें.

याहून मुळाशीं असलेली गोष्ट फौजदारी कायद्याची. १८६० च्या दंडसंहितेनें असें ठरविलें कीं, पत्नी दहा वर्षांची झाली म्हणजे पतीनें तिच्यावर केलेली बळजबरी हा बलात्कार नव्हे. १८९० सालीं कलकत्त्यास फुलमणि दासी ही दहा-अकरा वर्षांची मुलगी अशा बळजबरीनें मरण पावली, तेव्हां १८९१ सालीं दहाचीं बारा वर्षें झालीं. आणि त्या दोन वर्षांसाठीं सारा महाराष्ट्र ढवळून निघाला. १९२५ त बाराचीं तेरा झालीं, नंतर पंधरा, आणि २०१७ सालीं सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानें अठरा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या त्रेसष्टाव्या कलमांत तो अपवाद अठरा वर्षांच्या आंकड्यासह कायम आहे. पायऱ्या मोजा: दहा, बारा, तेरा, पंधरा, अठरा. दीडशेंहून अधिक वर्षें वाद चालला तो आंकड्याचा. अठरा वर्षें पुरीं झालेली पत्नी नको म्हणाली तर काय, हा प्रश्न प्रत्येक वेळीं दाराबाहेर उभा राहिला. २०२२ सालीं दिल्ली हायकोर्टाच्या दोन न्यायमूर्तींत यावर मतभेद झाला आणि प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढें गेला. इंग्लंडांत त्याचें उत्तर १९९१ सालीं मिळालें आहे.

येथें आमचे प्रतिपक्षी दोन आक्षेप घेतात. पहिला असा कीं, असे कायदे झाले तर खोट्या तक्रारी होतील आणि कुटुंबसंस्था मोडेल. खोटे दस्तऐवज होतात म्हणून आम्हीं जमिनीची नोंदणी बंद केली नाहीं; खोटें पारखण्यासाठींच न्यायालयें असतात. आणि जी संस्था पत्नीच्या नकाराचा मान राखल्यानें मोडते, ती कशाच्या आधारावर उभी होती याचा शोध तिच्या कैवाऱ्यांनीं अगोदर घ्यावा. आम्ही स्वतः तीस वर्षें संसार केलेले गृहस्थ आहों; आमच्या अनुभवानें घर टिकतें तें असा मान राखल्यानेंच.

दुसरा आक्षेप अधिक विचार करण्यासारखा आहे. ते म्हणतात, देहाचा हक्क, संमति, मनाची घुसमट हीं शहरांतल्या पोटभरू, शिकलेल्या बायकांचीं दुःखें. खेड्यांतल्या कष्टकरी बाईस असल्या चैनींची फुरसत नाहीं. तर मग बीड जिल्ह्यांत चला. तेथून दरवर्षीं पावसाळा सरला कीं हजारों जोडपीं ऊसतोडीस जातात. मुकादम नवरा-बायकोच्या जोडीस मिळून एक ‘कोयता’ म्हणतो, आणि एका कोयत्यास आगाऊ रक्कम देतो. तिला ‘उचल’ म्हणतात. एक दिवस काम चुकलें तर तो ‘खाडा’, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. पाळीच्या दिवसांत फडावर ना आडोसा ना पाणी. अंगावरून जातें, पोट दुखतें, आणि खाडा परवडत नाहीं. दवाखान्यांत गेलें तर पिशवी काढून टाका, नाहीं तर कॅन्सर होईल, असें भय घालणारे भेटतात. २०१९ सालीं सरकारनें नेमलेल्या समितीच्या पाहणींत त्या जिल्ह्यांतील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकीं १३,८६१ जणींचें गर्भाशय काढलेलें आढळलें. म्हणजे सुमारें सहांत एक. त्यांत ऐन पंचविशी-तिशींतल्या कित्येक होत्या.

यांतल्या पुष्कळ जणींनीं कागदावर आंगठा दिला असेल. कायद्याच्या भाषेंत ती संमति झाली. पण जिला नाहीं म्हणण्याची सोय नाहीं तिच्या होकाराला आम्ही संमति कोणत्या तोंडानें म्हणावें? मुंबईच्या रखमाबाईंचा नकार मोजला गेला नाहीं, बीडच्या मजुरणीचा होकार उचलीच्या पैशांत विकत घेतला गेला. रोग एकच आहे. तिचें शरीर तिचें आहे ही गोष्ट दोन्ही ठिकाणीं कोणाच्या हिशेबांत नव्हती. तेव्हां हा प्रश्न चैनीचा म्हणणारांनीं एकदां फडावर जाऊन त्या बाईची कंबर किती दुखते हें विचारावें.

आतां पुन्हां त्या विशेषणाकडे वळूं. आमच्या प्रतिपक्ष्यांचा मूळ समज असा कीं, भावना आंधळी आणि विचार डोळस. हा समज इंग्रजी पुस्तकांतून आला असो वा घरांतला असो, तो आमच्या साहित्यशास्त्रास धरून नाहीं. भरतमुनींनीं रति, हास, शोक, क्रोध, उत्साह, भय, जुगुप्सा आणि विस्मय असे आठ स्थायीभाव सांगितले. त्यांतील शोक व भय हे भाव त्यांनीं स्त्रिया व हलकीं पात्रें यांच्या पदरीं अधिक घातले, हें आम्ही लपवूं इच्छीत नाहीं. तो त्यांच्या काळाचा दोष. परंतु भाव कोणाचाही असो, त्याला विभाव असतो, म्हणजे तो जागा करणारें कांहीं कारण असतें, हा नियम त्यांनीं सर्वांस लावला. रंगभूमीवर कोणी भ्याला तर प्रेक्षक विचारतो, समोर काय आहे? वाघ आहे, कीं वैरी आहे? घरांत मात्र एखादी स्त्री भ्याली, संतापली किंवा तिला किळस आली, तर आम्ही समोर काय आहे हें पाहत नाहीं; तिचा स्वभाव पाहतों. नाटकांतल्या शकुंतलेस जो न्याय आम्ही वर्गांत शिकवितों, तो घरांतल्या सुनेस देत नाहीं. वस्तुतः देहाला आलेली किळस किंवा भीति ही पुष्कळदां बुद्धीच्या आधीं पोंचलेली बातमी असते. शहाणा मनुष्य बातमी तपासतो. ती आणणारास वेडें ठरवीत नाहीं.

हें तपासणें आम्ही किती टाळतों याचीं उदाहरणें आमच्या वाङ्मयांत आहेत. १९३३ सालीं विभावरी शिरूरकर या नांवानें ‘कळ्यांचे निःश्वास’ निघालें. त्यांतल्या शिकलेल्या अविवाहित मुली काय सोसतात याचा विचार करण्याऐवजीं ही लेखिका कोण, बाई आहे कीं पुरुष, याचाच शोध महाराष्ट्रानें अधिक हिरीरीनें केला. स्त्रीपुरुषसंबंधाविषयीं शास्त्राच्या भाषेंत लिहिणाऱ्या रघुनाथराव कर्व्यांस ‘समाजस्वास्थ्या’पायीं अश्लीलतेच्या आरोपाखालीं कोर्टांत उभें रहावें लागलें, १९३४ सालीं त्यांची बाजू मांडली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं. स्त्रीच्या सोशिकपणावर काव्यें लिहिलीं तर तें वाङ्मय, आणि ती काय सोसते हें सांगितलें तर तें अश्लील, असा आमचा न्याय होता. तो पुरता गेला आहे असें आम्हांस वाटत नाहीं.

येथवर आम्हीं दुसऱ्यांचे दोष सांगितले. न्यायानें आमचाही एक सांगितला पाहिजे. कांहीं वर्षांपूर्वीं आमची एक जुनी विद्यार्थिनी घरीं आली. वर्गांत ती फार हुशार. लग्न होऊन वर्षही झालें नव्हतें. चहा झाल्यावर ती म्हणाली, “सर, मला त्या घरीं परत जायचें नाहीं.” आम्हीं विचारलें, “मारतो का? दारू पितो का?” ती म्हणाली, “नाहीं.” “मग?” ती बराच वेळ कपाकडे पाहत राहिली आणि म्हणाली, “मला विचारत नाहीं, सर. कशालाच.” त्या ‘कशालाच’चा अर्थ आम्हांस कळला नाहीं असें म्हणणें खोटें होईल. तो कळला, आणि त्याचा आम्हांस संकोच वाटला, संकोचानें आम्हीं तेंच वाक्य उच्चारलें ज्यावर आज तुटून पडत आहों: “हें बघ, भावनेच्या भरांत कांहीं करूं नकोस. चार महिने जाऊं दे.” तिनें वांकून नमस्कार केला आणि ती गेली.

रात्रीं जेवतांना आमची पत्नी म्हणाली, “तुम्हीं तिला वळ आहेत का एवढेंच विचारलेंत. वळ नाहींत म्हटल्यावर तुमचा प्रश्न संपला. तिचा कुठें संपला होता?” आम्हीं उत्तर दिलें नाहीं. ती मुलगी चार महिन्यांऐवजीं तीन वर्षें त्या घरीं राहिली, असें पुढें कळलें. मग ती स्वतःच बाहेर पडली आणि आज आपल्या पायांवर उभी आहे. आमच्याकडे ती पुन्हां आली नाहीं, आणि यावें असें तिला कां वाटावें? तीन वर्षें हा आंकडा आमच्या सल्ल्याच्या खात्यावर आहे. त्या दिवशीं भावनेच्या भरांत कोण बोललें, याचा विचार आम्हीं अनेकदां केला आहे. तिनें एक स्पष्ट विधान केलें होतें. संकोचानें भांबावले होते ते आम्ही.

म्हणून आमच्या वयाच्या वाचकांस, विशेषतः ज्यांच्या घरीं लेकी-सुना आहेत त्यांस, आमचें सांगणें आहे. कायदे बदलले पाहिजेत: नववें कलम गेलें पाहिजे, त्रेसष्टाव्या कलमांतला अपवाद गेला पाहिजे, आणि फडावरच्या बाईस खाडा न पडतां चार दिवस विसावा मिळाला पाहिजे. त्यासाठीं जे झगडत आहेत त्यांच्या पाठीशीं उभें राहणें हें आपलें काम आहे. पण कायद्याच्या आधीं प्रश्न येतो तो आपल्या दिवाणखान्यांत, चहाच्या कपासमोर. मुलगी ‘मला नको’ म्हणाली, तर तिला शांत हो म्हणण्याच्या आधीं काय झालें हें विचारा, आणि उत्तर पुरतें ऐका. तें ऐकतांना संकोच वाटेल. तो आपला आहे, तिच्या स्वभावाचा दोष म्हणून तो तिच्या पदरांत बांधूं नका. ती चुकत असेल तर चुकीचाही तिला तितकाच हक्क आहे, जितका बांधासाठीं निम्मी जमीन घालविणाऱ्या त्या बाण्याच्या गृहस्थास होता.

आमच्या गांवची व्याख्यानमाला पुढील वर्षीं पुन्हां भरेल, आणि हेच वक्ते पुन्हां येतील असें ऐकतों. त्यांचें स्वागतच आहे. व्याख्यानानंतर प्रश्नोत्तरांस अर्धा तास राखून ठेवावा, अशी लेखी विनंति आम्हीं चालकांस केली आहे. पहिला प्रश्न आमच्या घरांतून विचारला जाईल; तो आम्ही विचारणार नसून आमची पत्नी विचारणार आहे, आणि तिची तयारी आतांपासूनच चालू आहे.